सेमिनरीत प्रार्थना आटली, तर पाचारण संपलं असं समजायचं का?

नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरचा मुलगा पुण्यात सेमिनरीत (चर्चचे पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयात) आहे, बी.डी. म्हणजे ईश्वरज्ञानाच्या पदवीचं दुसरं वर्ष. त्याने मला लिहिलं ते थोडक्यात असं: "सर, इथे येण्याआधी मी पहाटे चारला उठून प्रार्थना करायचो. आता चॅपलमध्ये डोळे मिटले की डोक्यात असाइनमेंट फिरते. इंग्रजीची सवय व्हावी म्हणून प्रार्थनाही इंग्रजीतच करतो. जुन्या कराराच्या वर्गात पंचग्रंथ, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, मोशेने एकट्याने लिहिला नाही असं शिकवलं, तेव्हापासून बायबल उघडलं की परीक्षेचं पुस्तक वाटतं. दिवाळीच्या सुट्टीत गावच्या मंडळीने (चर्चने) उपासनेत संदेश द्यायला उभं केलं. लोक रडले, आणि मी आतून कोरडा होतो. मला खरंच देवसेवेचं पाचारण झालं होतं का? की लहानपणी आजारी पडलो तेव्हा आईने मला देवाला देऊन टाकलं, म्हणून मी इथे आलो? तिसऱ्या वर्षाची फी भरण्याआधी सोडून घरी यावं का?"

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण झोप त्यानेच उडाली असणार. आत्ता सोडू नकोस. कधीच सोडू नये असं माझं म्हणणं नाही, त्यावर पुढे लिहितो. पण असा निर्णय कोरड्या दिवसांत आणि परीक्षेच्या तोंडावर घ्यायचा नसतो. मी नंदुरबार जिल्ह्यात ३० वर्षांहून जास्त काळ पाळक आहे. मधली सहा वर्षं एका सेमिनरीत विद्यार्थ्यांच्या आध्यात्मिक घडणीकडे पाहायचं काम माझ्याकडे होतं. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर तू लिहिलंस तेच बोलणारी मुलंमुली दरवर्षी माझ्या खोलीत यायची. पहिल्या वर्षी नवेपण असतं, शेवटच्या वर्षी थीसिस आणि नेमणुकीची काळजी. मधल्या वर्षात माणूस उघडा पडतो.

तुझ्या पत्रातली एक ओळ तू जाता जाता लिहिली आहेस: प्रार्थनाही इंग्रजीतच करतो. माझं मन तिथेच अडकलं. ते का, हे सांगायला माझी गोष्ट सांगावी लागेल.

माझ्या घरची बोली अहिराणी. अहिराणी जिभेवर 'ळ' बसत नाही, त्याचा 'य' होतो. डोळ्याचा डोया, फळाचं फय. सेमिनरीच्या पहिल्या वर्षी चॅपलमध्ये शास्त्रवाचनाची पाळी आली आणि उतारा निघाला योहानाचा पंधरावा अध्याय, खरा द्राक्षवेल. पहिल्याच वचनात माळी, आणि पुढे वचनागणिक फळ. आठवडाभर मी गच्चीवर जाऊन सराव केला होता. पण समोर सगळे बसलेले पाहिल्यावर हात थरथरले आणि जीभ आपली घरच्या वाटेला लागली. 'माझा पिता मायी आहे' असं वाचलं. मागच्या बाकावर कुणी तरी हसलं. 'फय' आलं तेव्हा पुढचेही हसले. दुपारी मेसमध्ये शिकवणाऱ्यांपैकी एकाने सगळ्यांदेखत म्हटलं, "आधी मराठी शीक, ग्रीकचं नंतर पाहू." त्यांच्या मनात काही वाईट नसेल. पण मी त्या दिवसापासून वाचनाची पाळी टाळू लागलो. कधी ताप सांगितला, कधी घसा. बोलताना प्रत्येक 'ळ' तोलून बोलू लागलो. आणि हे हळूहळू प्रार्थनेत शिरलं. खोलीत एकटा गुडघ्यावर असतानाही मी आपलं बोलणं तपासत होतो, जणू देवही मागच्या बाकावर बसला आहे. वर्षभरात माझी प्रार्थना अगदी स्वच्छ झाली, आणि तिच्यात मी कुठेच नव्हतो.

नाताळच्या सुट्टीत घरी आलो. माझी आई नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर कामाला जायची. तू त्या रस्त्याने गेला असशील तर पाहिलं असशील, हिवाळाभर शेतंच्या शेतं लाल दिसतात आणि वारा फिरला की खोकल्याची उबळ येते. बायका तोंडाला पदर बांधून दिवसभर मिरची निवडतात, देठं खुडतात. मी दुपारी भाकरी घेऊन गेलो. आई पथारीच्या कडेला बसली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "बापा, आजना दिन तू दिधा. मना पोऱ्याले सांभाळ. त्याले तुनी वाट दखाड." बस्स, एवढंच. आणि मी शेजारी बसून काय विचार करत होतो, सांगतो. हिने स्तुतीने सुरुवात केली नाही. पापकबुली नाही. थेट विनंतीवर आली. ख्रिस्ताच्या नावाने म्हणायला विसरली. वर्गात शिकलेल्या मापाने मी माझ्या आईची प्रार्थना मोजत होतो.

मग माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. तिने हात जोडले नव्हते. मांडीवर उघडे ठेवले होते, बोटं एकमेकांपासून लांब. मिरचीने बोटांची टोकं सुजून लालभडक झाली होती. एकमेकांना लागली की आग व्हायची, म्हणून ती हात न जोडता प्रार्थना करायची. किती वर्षांपासून करत होती, मला माहीत नव्हतं. माझी सेमिनरीची फी त्याच हातांतून येत होती.

त्या रात्री मी गच्चीवर गेलो आणि दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या बोलीत तोंड उघडलं. "बापा, माले काहीच समजत नही." याच्यापुढे शब्द सुचला नाही. पण तेवढ्यात मी होतो, पुरता.

पुढे कितीतरी वर्षांनी, येशूला अटक झाल्यावर त्याचा शिष्य पेत्र त्याला नाकारतो त्या प्रसंगावर संदेश तयार करताना मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायातलं एक वचन वाचून मी थांबलो. पेत्र वाड्याच्या अंगणात बसला आहे, आणि भोवतीचे लोक त्याला कशावरून ओळखतात? त्याच्या बोलीवरून. तो गालीलचा, खेड्यातला, मासे धरणारा. यरुशलेमेत त्याने तोंड उघडलं की कळायचं हा कुठला. जी बोली त्याला उघडी पाडत होती, तिच्यापासूनच त्याला त्या रात्री पळायचं होतं, आणि पळता पळता तो 'मी त्या माणसाला ओळखत नाही' इथपर्यंत गेला. पन्नासाव्या दिवशी (पेंटेकॉस्टला) मात्र, 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात, जमाव काय म्हणतो पाहा. हे बोलणारे सगळे गालीलीच ना? मग आपण प्रत्येक जण आपापल्या जन्मभाषेत कसे ऐकतो? पवित्र आत्मा आला तेव्हा त्याने त्यांना यरुशलेमेतल्या शास्त्र्यांसारखं बोलायला लावलं नाही. ते गालीलीच राहिले, आणि ऐकणाऱ्यांना आपापल्या घरची भाषा ऐकू आली. या दोन प्रसंगांच्या मध्ये योहान आपल्याला तिबिर्याच्या समुद्राकाठी नेतो. तिथे कोळशाचा विस्तव आहे. पेत्राने नाकारलं तेव्हाही तो कोळशाच्या विस्तवाशीच शेकत होता. येशू त्याला तशाच विस्तवाजवळ बसवतो, खायला देतो, आणि शिमोन या घरच्या नावाने, बापाच्या नावासकट हाक मारतो: योहानाच्या पुत्रा शिमोना. पेत्र या मोठ्या नावाने तो हाक मारत नाही. आणि मग म्हणतो, माझी कोकरे चार.

तुझं पाचारण संपलं असं मला वाटत नाही. तुला वाटतं आहे की हाक बंद झाली. मला वाटतं, हाक तुझ्या घरच्या मावची बोलीत येते आहे आणि तू इंग्रजीत कान लावून बसला आहेस. इंग्रजी शीक, नक्की शीक. तिच्यावाचून अभ्यासाची पुस्तकं बंद राहतात, आणि आपल्या आदिवासी मुलांनी ती उघडलीच पाहिजेत. पण देवाशी बोलणं ही सरावाची जागा नाही.

आता काय करायचं ते सांगतो, फार मोठं काही नाही. रोज सकाळी पंधरा मिनिटं. वेळ पाहायची तर साधं घड्याळ जवळ घे, मोबाइल दुसऱ्या खोलीत किंवा कपाटात ठेव. एक स्तोत्र. आठवडाभर तेच एक. मोठ्याने वाच, मग त्यातलं जे पोटात गेलं ते मावचीत देवाला सांग, आईला सांगतोस तसं. हातात पेन घ्यायचं नाही. पेन घेतलं की तू संदेश तयार करायला लागशील, मला माहीत आहे, सगळेच लागतात. टीकाग्रंथ (बायबलवरचं भाष्य) उघडायचा नाही, ग्रीक-हिब्रू नाही, दुसऱ्यांना यातून काय सांगता येईल हा विचार आला तर त्याला म्हणायचं, रविवारी ये.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. जर्मनीत हिटलरच्या काळात डीट्रिख बोनहोफर यांनी १९३५ ते १९३७ या काळात फिंकेनवाल्ड इथे एक छोटी सेमिनरी चालवली, गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ती बंद केली. तिथे विद्यार्थ्यांना रोज सकाळी अर्धा तास गप्प बसून एकाच उताऱ्यावर मनन करायला लावत, आणि तो उतारा आठवडाभर बदलत नसे. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी कुरकुर केली, बाहेरच्यांनी हे कसलं मठवासी खूळ म्हणून नावं ठेवली. बोनहोफर स्वतः बर्लिन विद्यापीठात शिकवलेला माणूस, अभ्यासाला कमी लेखणाऱ्यांतला नव्हे. तरी त्यांनी ही अर्ध्या तासाची जागा अभ्यासापासून राखून ठेवली. त्या घरात आणखी एक नियम होता, तो तुझ्या होस्टेललाही लागू पडेल: गैरहजर असलेल्या भावाविषयी बोलायचं नाही, आणि बोलून गेलंच तर जाऊन त्याला सांगायचं. एक महिना पाळून बघ. प्रार्थना अडते त्याची निम्मी कारणं मला रूममेटच्या भांडणात सापडली आहेत. नागालँड, मिझोराम, केरळ, तामिळनाडूची मुलं एका मजल्यावर राहतात. कुणाच्या स्वयंपाकाचा वास कुणाला सहन होत नाही, कुणी रात्री दोनपर्यंत दिवा लावून बसतो, कुणी कुणाच्या जातीवरून हळूच बोलतो. प्रभुभोजनाच्या मेजावर शेजारी उभे राहणारे हेच असतात. मंडळीत पुढे तुला दुसरं काय करायचं आहे? भांडणारे दोन भाऊ एका बाकावर बसवायचे आहेत. ते इथे शिकला नाहीस तर ग्रीकमध्ये पहिला येऊनही ते यायचं नाही.

स्तोत्रं निवडताना फक्त गोड निवडू नकोस. तेरावं घे, बेचाळिसावं घे. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी उजेडाचं एक वचनही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आपल्या मंडळ्यांत साक्ष द्यायला उभं राहिलं की शेवट गोडच करावा लागतो, नाहीतर लोकांना चुटपुट लागते. त्यामुळे तुझ्यासारख्याला कोरडेपणा हे पाप वाटतं. धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी १५३९ मध्ये आपल्या लेखनाच्या प्रस्तावनेत ११९ व्या स्तोत्रावरून सांगितलं की ईश्वरज्ञानाचा अभ्यासक तीन गोष्टींनी घडतो: प्रार्थना, मनन आणि कसोटी. तिसरी गोष्ट नीट बघ. ज्याला तू अभ्यासात आलेला खंड समजतोस, तो त्यांच्या हिशेबात अभ्यासक्रमातला एक विषयच आहे.

आता मोशेचं. तुला जे शिकवलं त्याचा गाभा असा, की पंचग्रंथात वेगवेगळ्या काळातले धागे विणलेले दिसतात. कुठे देवासाठी यहोवा नाव येतं, कुठे एलोहीम. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातलं निर्मितीचं वर्णन एका तऱ्हेचं, दुसऱ्यातलं दुसऱ्या. जर्मन अभ्यासक युलियस वेलहाउझेन यांनी १८७८ मध्ये या मताला जी मांडणी दिली तिच्यावर आजवर वाद चालू आहे, आणि तिच्यातल्या पुष्कळ गोष्टी पुढच्या अभ्यासकांनी मोडीतही काढल्या. परीक्षेला हे सगळं नीट लिही, दोन्ही बाजू लिही. पण हा प्रश्न जर्मनीतून आला आणि आपल्या भोळ्या विश्वासावर पडला, असं समजू नकोस. आमच्या मंडळीत एक म्हातारे वडील होते, कोरडवाहू शेती, चौथीपर्यंत शाळा. मी नवीन पाळक असताना ते एकदा उपासनेनंतर मला म्हणाले, "पंचग्रंथातलं शेवटचं पुस्तक अनुवाद, त्याच्या शेवटी मोशे मेला आणि त्याची कबर कुणाला ठाऊक नाही असं लिहिलंय. मोशेनं आपलंच मरण कसं लिहिलं असंल, पाळकसाहेब?" मला घाम फुटला. मी सेमिनरीतलं उत्तर जुळवू लागलो. ते म्हणाले, "कुणीतरी लिहिलं असंल. ज्यानं लिहिलं त्याचा मोशेवर जीव होता." आणि बैल सोडायला निघून गेले. त्यांना प्रश्न दिसला होता, त्यांनी तो डोळे उघडे ठेवून पाहिला होता, आणि त्यांचं बायबल तसंच उशाशी राहिलं.

तू एक वही कर. वर्गात जे हलवून गेलं ते त्यात लिही, तारीख घाल, आणि शिकवणाऱ्यांकडे चहाच्या वेळी एकटा जा. वर्गात ते सरळ उत्तर देतात, चहावर स्वतःची गोष्ट सांगतात. त्यांच्यावरही हे दिवस आले होते, विचार. आणि एक हात जोडून विनंती: अर्धवट पचलेलं सुट्टीत मंडळीच्या ताटात वाढू नकोस. मी तरुणपणी वाढलं होतं. एका बहिणीने त्यानंतर सहा महिने उपासनेला येणं सोडलं, मी तिच्या घरी चार वेळा गेलो तेव्हा ती परत आली.

अभ्यास आणि भक्ती ही दोन वेगळी कामं आहेत असं तुला वाटू लागलं आहे. तुझ्या पदवीवर बंगालमधल्या ज्या सेरामपूर कॉलेजचं नाव येणार, तिथल्या मिशनरी विल्यम केरींकडे पाहा. चांभारकाम करणारा माणूस. त्यांनी मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये छापलं आणि वैजनाथ पंडितांच्या मदतीने नवा करार मराठीत आणला, १८११ मध्ये, मोडी लिपीत. महिनोन्‌महिने क्रियापदांची रूपं, विभक्ती, प्रत्यय. मराठी माणसाला त्याच्या भाषेत देवाचं वचन मिळावं म्हणून ते चाललं होतं. तू ग्रीक धातूंचे तक्ते पाठ करतोस ना, पाठ करताना समोर कोण आहे ते ठरव. पाड्यावरच्या एका माणसाचा चेहरा समोर ठेव आणि याच्यासाठी पाठ करतो असं म्हण. मला याने फरक पडला. तुलाही पडेल असं वाटतं.

मग आईचं. आपल्याकडे ही कहाणी घरोघरी आहे. लेकरू तापाने फणफणलेलं, चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात रात्र काढलेली, आणि आई म्हणते, वाचला तर तुला देईन, बायबलमधल्या हन्नाने आपल्या शमुवेलाला दिला तसा. मुलगा मोठा होतो, बारावी होतो, आणि मंडळीची पंच कमिटी शिफारसपत्र लिहून त्याला पाठवते. तुझं म्हणणं, यात माझं पाचारण कुठे? प्रश्न रास्त आहे. आईने दिलेला शब्द आईचा आहे, तो तुझ्या मानेवर जू म्हणून ठेवायचा तिला अधिकार नाही, हे मी मंडळीतही स्पष्ट बोलतो. पण शमुवेलाची गोष्ट पुढे वाच. आईने आणून सोडलेला तो मुलगा मंदिरात सेवा करत होता, आणि शास्त्र सरळ सांगतं की त्याला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती. म्हणजे ओळखीआधी सेवा चालू होती. हाक आली तेव्हा त्याला वाटलं मंदिरातला याजक एली बोलावतो आहे, तीनदा धावत गेला. शेवटी म्हाताऱ्या, नजर गेलेल्या, घर न सांभाळता आलेल्या एलीनेच त्याला सांगितलं की ही हाक कुणाची. आणि त्या रात्रीनंतर सकाळी शमुवेलाने काय केलं? परमेश्वराच्या मंदिराची दारं उघडली. रोजचं काम.

तेव्हा आईने आणलं म्हणून हाक खोटी ठरत नाही. ती तुझ्या नावाने आली का, एवढंच पाहायचं आहे, आणि ते एकट्याने पाहता येत नाही. अंत्युखियात पौल आणि बर्णबा यांना पवित्र आत्म्याने मंडळी उपास करत असताना मंडळीच्या कानांवर घालून वेगळं केलं. दिमिष्काच्या रस्त्यावर पौलाला येशूचं दर्शन झालं त्याला तोवर बरीच वर्षं होऊन गेली होती. आतली हाक आणि मंडळीचं बोलावणं दोन्ही लागतात. तुझ्याजवळ दुसरं आहे, पहिलं शोधतो आहेस. काहींजवळ पहिलं असतं आणि मंडळी ओळखत नाही. त्यांचं दुःख, विशेषतः आमच्या बहिणींचं, तुझ्यापेक्षा मोठं आहे.

हेतूंची सरमिसळ असेल तर तीही देवापुढे उघडी ठेव. ऊसतोडीला जायचं नव्हतं, म्हणून सेमिनरी बरी वाटली? पक्कं छप्पर, तीन वेळचं जेवण, इंग्रजी, पुढे पगार? असेल तर लाजू नकोस. उसाच्या फडात दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत पाचटात राहिलेल्या घरातल्या मुलाला पलंगाचा मोह झाला, यात पाप मला दिसत नाही. लपवलं तर ते सडतं. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. मिशनची पगारी नोकरी सोडून सातारला जाऊन 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची बंधुता उभारायला त्यांना १९१७ उजाडलं, आणि दोन वर्षांत ते वारले. बावीस वर्षं त्यांच्या पाचारणाचे पापुद्रे सुटत होते. तुला दीड वर्षात सगळं लख्ख दिसायला हवं आहे.

सुट्टीतल्या संदेशाविषयी. लोक रडले ते वचनाने रडले, तुझ्या कोरडेपणाने ते वचन कोरडं झालं नाही. पण असं वारंवार होऊ देऊ नकोस, त्याची सवय लागते आणि मग पाळक आयुष्यभर कोरड्या घशाने बोलत राहतो. येत्या नाताळात तुझ्या पाळकांना सांग, मला संदेश देऊ नका, तुमची पिशवी उचलायला द्या. डिसेंबरात निम्मा पाडा तोडीला गुजरातेत गेलेला असतो, मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. त्यांच्या घरी पाळकांबरोबर जा. बाजेवर पडलेल्या आजोबांजवळ अर्धा तास काही न बोलता बस. पाणी भरून दे. परत येताना स्वतःला विचार, उद्या पुन्हा यावंसं वाटतं का. माझ्या अनुभवात हाकेची खूण इथे सापडते. व्यासपीठावर ती फार क्वचित सापडली.

देहाकडेही बघ. संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, मग पुन्हा खायला घातलं. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी साडेसहाच्या चॅपलमध्ये देव सापडत नाही म्हणून रडणाऱ्या मुलांना मी आधी दहा वाजता झोपायला लावायचो. आणि जर आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, जेवण जात नसेल, कशातच जीव रमत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर ते कुणालाही सांगायला थांबू नकोस. डीनना सांग, डॉक्टरकडे जा, औषध दिलं तर घे. हा आजार असतो, विश्वास कमी पडल्याची शिक्षा नव्हे.

आणि सोडण्याचं. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी काहींनी सोडलं आणि योग्य केलं. एक जण आज आश्रमशाळेत मास्तर आहे, त्याच्या वर्गातली पोरं सुट्टीतही त्याच्या घरी येऊन बसतात. एक बहीण नर्स आहे. त्यांचं पाचारण हुकलं असं मी कधी म्हटलं नाही. पण ते दोघंही परीक्षा देऊन, घरी येऊन, मंडळीतल्या दोघातिघांशी बसून, प्रार्थना करून गेले. पळून गेले नाहीत. तूही वर्ष पुरं कर, जूनपर्यंत पंधरा मिनिटांची सकाळ चालव, मग आपण तुझ्या पाळकांना आणि आईला घेऊन बसू. तेव्हा तू नाही म्हणालास तर मी तुझ्या बाजूने पंच कमिटीसमोर उभा राहीन.

चॅपलमधल्या त्या दिवसानंतर मी योहानाचा पंधरावा अध्याय लोकांसमोर पुन्हा वाचला तो आईच्या अंत्यविधीला. 'मायी' म्हणालो, 'फय' म्हणालो, मुद्दाम. कुणी हसलं नाही.

नाताळला नवापूर स्टेशनवर उतरलास की मला फोन कर. मी गाडी घेऊन येतो. तुमच्या पाड्यावर पोचेपर्यंत तोच अध्याय मला मावचीत सांग. पाठ नसला तरी चालेल, तुला आठवेल तसा. मला मावची अर्धीच समजते, अडलं तर विचारीन.